पायाळू कडुबाचं ऑपरेशन

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली की माणूस आधी कडुबाकडं जायचं, नि गुण नाही आला तर मग डॉक्टरकडं. कडुबा पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून तो डोक्याकडून नाही, पायाकडून बाहेर आला. अशा माणसाचा पाय दुखऱ्या कमरेला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. मीही मानते. माझी सून दिपाली मानत नाही. पण गेल्या साली पिंप उचलताना तिची कंबर धरली, तेव्हा भिंतीला धरत धरत तीही तिथंच गेली होती. मी काही बोलले नाही. सुनेला कधी काय बोलायचं नाही, एवढं मला कळतं.

कडुबाच्या खोलीत एक पोतं अंथरलेलं असायचं. त्याच्यावर पालथं पडायचं. कडुबा उजव्या पायाचा अंगठा कमरेला टेकवायचा, जरासा दाबायचा, काढायचा, परत टेकवायचा. मधी कुणी बोलायचं नाही. झालं की उठायचं नि मागं न बघता निघून जायचं. मागं बघितलं तर उसण परत येते. पैसे द्यायचे नाहीत, पाणी मागायचं नाही, "येतो" सुद्धा म्हणायचं नाही. अशी त्याची रीत. आईनं घालून दिलेली. त्यामुळं सगळी गल्ली त्याच्या पोत्यावर पडून गेली, पण त्याचं तोंड निरखून बघितलेलं माणूस शोधायला गेलं तर सापडणार नाही.

तो मूळचा पिशोरकडचा. घरात मेंढरं. बाप मेंढरांमागं, थोरला भाऊ धोंडिबा मेंढरांमागं. पायाळू माणसाला वीज ओढते म्हणतात, म्हणून आभाळ भरलं की याची आई याला झोपडीत घालून दाराशी बसायची. आता मेंढरं राखायची नि आभाळ बघून घरात पळायचं, हे कसं जमावं. बाप म्हणायचा, "ह्यो राखणदार नाय, ह्यो पाव्हणा हाय." शेवटी मिसरूड फुटायच्या आत त्याला इथं मामाकडं धाडला. मामाची इस्त्रीची टपरी होती. मामा गेला, टपरी ऱ्हायली. लग्नाचं एक स्थळ आलं होतं म्हणे. मुलीच्या बापानं एवढंच विचारलं, "शेतात असताना इजा चमकल्या तर माझ्या पोरीनं नवऱ्याला धरायचं का सोडायचं?" ते स्थळ गेलं, नि मग दुसरं आलंच नाही. आई गेली. धोंडिबा गेला. पुतण्यांनी मेंढरं विकली नि वाळूजला कंपनीत लागले. ते मोबाईलवर फुलांचे फोटो पाठवतात. कडुबाच्या साध्या फोनवर फोटो दिसत नाहीत, नुसता मेसेजचा आवाज येतो, तरी तो फोन उचलून बघतो.

आम्ही गंगापूरकडून इथं आलो तेव्हा आमचे हे होते. त्यांचे सदरे कडुबाकडं जायचे. हे गेल्यावर सदरे संपले. मुलगा नि दिपाली सकाळी कामावर जातात ते दिवे लागल्यावर येतात. मी पायरीवर बसते. समोर कडुबाची टपरी, तिच्या मागंच त्याची खोली. तो मला वैनी म्हणतो, मी त्याला भावजी.

"ऊन झालं, वैनी."

"झालं, भावजी."

असं आमचं दिवसभराचं बोलणं. संध्याकाळी ऊन उतरलं की तेवढंच परत.

दिवाळी झाली नि कडुबाचं पोट दुखायला लागलं. दुखणं मोठं खोडकर. कापडावर इस्त्री फिरवता फिरवता तो एकदम टेबलाखाली उकिडवा बसायचा, गुडघे पोटाशी धरून. तोंड घामानं भिजायचं. थोड्या वेळानं उठायचा, नि जणू काही खाली पडलेलं बटण शोधत होता अशा थाटात परत इस्त्री धरायचा. मी ओवा दिला. हिंग कालवून बेंबीवर लावायला दिला. शेजारची भागूबाई म्हणाली बेंबी सरकलीय. तिनं बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला. तांब्या पोटाला धरला नि कडुबाला त्या दिवशी बरं वाटलं. पण दुखणं आपल्या मनानं यायचं नि आपल्या मनानं जायचं, त्यामुळं ज्याचा उपाय त्या वेळी चालू असंल त्याला मान मिळायचा.

मग त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. सदरा अंगावर लोंबायला लागला. एकदा मला म्हणाला, "वैनी, पोटात गोळा येतो. वांग्याएवढा. हात लावून बघेपर्यंत पळून जातो."

"कुठं पळतो?"

"त्यानं पत्ता दिला असता तर म्या गेलो नसतो का मागं."

दिपालीनं त्याला आपल्या स्कूटीवर मागं बसवून घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात नेला. मी रिक्षानं गेले. आधी पोटावर तेल लावून फोटो काढला, मग म्हणाले मोठ्या मशीनमधी घालून काढायचा. त्याच्यासाठी हातात सुई टोचून औषध सोडावं लागतं. कडुबानं हात पाठीमागं नेला.

"म्या सुई घेत नाय."

नर्सबाईला वाटलं भितो. म्हणाली, "काका, एवढी एवढीशी तर आहे. सुई काढूनच घेते मी. आत राहते ती प्लॅस्टिकची बारीक नळी."

"लोखंड आत ऱ्हात नाय?"

"नाही राहत."

कडुबानं सुई डोळ्यांनी बघितली, आत गेलेली बघितली, बाहेर आलेली बघितली, नि मग ती कचऱ्याच्या डब्यात पडेपर्यंत नजर हलवली नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

फोटो बघून एक डॉक्टरीण बाई आम्हाला समजवायला बसली. वयानं दिपालीएवढीच. म्हणाली, आतडं आतड्यातच शिरलंय. मग आमची तोंडं बघून तिनं अंगातल्या पांढऱ्या कोटाची बाही कोपरापासून थोडी आत ढकलली. बाहीत बाही. "असं झालंय पोटात. अधूनमधून आपोआप सुटतं, म्हणून दुखणं थांबतं. परत शिरतं, परत दुखतं."

कडुबा पहिल्यांदा पुढं सरकला. बाह्यांचं त्याला कळतं. "बाई, बाही आत गेली तर आमी हात घालून भाईर वढतो. इस्त्री मारतो. कापत नाय."

डॉक्टरीण हसली. "लहान लेकरांचं तसंच करतो, काका. हवेनं नाहीतर पाण्यानं ढकलून बाहेर काढतो. मोठ्या माणसाला हे क्वचित होतं, नि झालं तर बहुतेक वेळा टोकाला एखादी गाठ असते. तीच आतड्याला आत ओढून नेते. नुसतं बाहेर काढलं तर ती परत नेईल. नि गाठ कसली आहे तेही बघायला पाहिजे. तेवढा आतड्याचा तुकडा काढायचा नि दोन टोकं जोडायची."

"पोट फाडून?" मी विचारलं.

"दुर्बिणीनं. छोटी छोटी भोकं पाडून. बेंबीपाशी तेवढं दोन-तीन बोटं मोठं, तुकडा बाहेर काढायला. चार-पाच दिवसांनी घरी जातील. पण लांबवू नका. एकदा पक्कं अडकलं तर आतलं आतडं सडतं, मग सगळंच अवघड होतं."

कडुबा उठला. चपला घातल्या. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला नि चालायला लागला. दिपाली त्याच्या मागं, मी दिपालीच्या मागं. डॉक्टरीण मागून म्हणाली, "काका, घाबरू नका." तो घाबरलाय असं सगळ्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी पायरी सोडून त्याच्या खोलीत गेले. कंबर न धरता गेले होते, तर त्याला काय करावं सुचेना. पोतं अंथरायला लागला. मी म्हणलं, "नको, मी बसायला आलेय." मग त्यानं कपड्यांची गाठोडी ठेवायचा पाट पुसून दिला.

"भावजी, खरं सांगा. कशाला नको म्हणता?"

तो आपल्या पायांकडं बघत म्हणाला, "आई म्हणायची, पायाळूच्या अंगात लोखंड शिरलं की पायातला गुण जातो."

तेव्हा मला सगळं कळलं. घाटीत जाईपर्यंत त्यानं जन्मात कधी इंजेक्शन घेतलं नव्हतं, ताप आला तर गोळी. चपलेला खिळा नको म्हणून कायम रबरी चप्पल.

"अवो, पण तुम्ही दिवसभर इस्त्री धरता."

"पितळी हाय."

"बटणं लावताना सुई बोटात गेली असंल की."

"गेली नि आली. आत मुक्काम केला नाय तिनं."

"बरं, गेला गुण तर गेला. जीव तर ऱ्हाईल."

तो जरा हसला. "नि गुण गेल्यावर माझ्याकडं कोण येईल, वैनी?"

 गल्लीत त्याला वाईट म्हणणारं कुणी नव्हतं. पण वास्तुशांतीला बोलवायचं, हळदी-कुंकवाला त्याच्या टपरीवरनं जाताना थांबायचं, बारशाचे पेढे त्याच्या हातावर ठेवायचे, हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. कपडे टाकायला पोरं यायची नि कपडे घेऊन पळायची. आत, खोलीत, माणूस यायचं ते फक्त त्या पोत्यावर. पालथं का होईना, यायचं.

भागूबाईला मी हे सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "त्याला सांग, जिता ऱ्हायला तर गुण जाईल नाहीतर ऱ्हाईल. मेला तर पायासकट जाईल. मग कुणाच्या कमरा बघणार हाय वर?" बोलणं खरं होतं, पण मी ते त्याला जाऊन सांगितलं नाही. भागूबाईनं स्वतःच जाऊन सांगितलं.

दोन दिवसांनी कडुबा टपरीतच आडवा पडला. ह्या वेळी दुखणं लवकर गेलं नाही. हिरवी ओकारी झाली. मी त्याचं डोकं धरून बसले. गरम इस्त्री कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर ऱ्हायली नि सदऱ्याला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. दुखणं ओसरल्यावर त्यानं आधी सदऱ्याकडं बघितलं नि रडला. पोटासाठी रडला नाही.

मग मी म्हणलं, हा असा ऐकायचा नाही, वकिली करावी लागंल. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण सासरी तीन नणंदा होत्या. दिपालीला बरोबर घेऊन मी त्याला परत घाटीत नेला नि डॉक्टरीणबाईला म्हणलं, "बाई, ते भोकातनं काय घालता ते जरा दाखवा."

ती बिचारी कामात होती, तरी कुठून तरी एक नळी घेऊन आली. "ही भोकात बसते. प्लॅस्टिकची. हिच्यातून दुर्बीण नि बाकीचं सामान आत जातं."

"म्हंजे हत्यार नळीतनं जाणार. अंगाला नळी लागणार, हत्यार नाही," मी म्हणलं.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, आत गेल्यावर आतड्याला तर लागणारच. नि बेंबीपाशी थोडं कापावं लागेल. मी खोटं सांगणार नाही. स्टीलचं असतं ते सगळं."

कडुबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "स्टील ना. मग लोखंड कुठं आलं? भावजी, भांड्याच्या दुकानात जाऊन लोखंडी ताट मागून बघा. दुकानदार तवा काढून दील. दोन्ही एक असतं तर तवा गंजतो नि ताट का गंजत नाही?"

दिपालीनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईला माझी वकिली कुठं चाललीय ते आता समजलं असावं. ती हातातल्या नळीकडं बघत ऱ्हायली.

कडुबानं तिलाच विचारलं, "आतडं जोडताना आत काय ठिवणार?"

"पिना मारतात धातूच्या. नाहीतर दोऱ्यानं शिवता येतं."

"दोऱ्यानं शिवा."

"मोठ्या सरांना विचारते. बहुतेक जमेल."

"मग शिवा," कडुबा म्हणाला. "टाके जवळ जवळ घाला. लांब टाका उसवतो."

पटलं असंल का त्याला? मला नाही वाटत. ताट-तव्याचा न्याय त्यालाही ठाऊक असणार. पण माणसाला कधी कधी पटवून घ्यायला एक माणूस पुढ्यात बसलेलं लागतं, एवढंच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात एक गंमत झाली. शेजारच्या खाटेवर पैठणकडचा म्हातारा होता, त्याची बायको उशाशी बसून बसून अवघडली होती. उठताना तिची कंबर धरली. कडुबानं नुसतं विचारलं, "उसण का?" मी सांगून टाकलं की हे पायाळू आहेत. झालं. ती बाई खाटेचा दांडा धरून पाठमोरी उभी राहिली, नि कडुबानं हाताची सलाईनची नळी सावरत अंगठा टेकवला. ती बाई मागं न बघता आपल्या म्हाताऱ्याकडं गेली. जाऊन जाऊन गेली कुठं, तर हातभर लांब. तिथं भिंतीकडं तोंड करून बसली.

मग काय, वॉर्डभर पसरलं. खाली सतरंजीवर झोपून झोपून सगळ्याच नातेवाइकांच्या कमरा गेलेल्या. ओळ लागली. कडुबाचं तोंड पिवळं पडलं होतं, पण कुणाला नाही म्हणाला नाही. मी म्हणलं, "भावजी, पुरे आता." तर म्हणाला, "आज हाय तवर हाय, वैनी. सणाच्या आदल्या दिशी इस्त्री बंद ठिवून चालतं का?" नर्सबाई आली नि सगळ्यांवर ओरडली. पेशंटला काय करायला लावता म्हणून मलाही बोलली. सगळे पांगल्यावर तीच हळूच खाटेशी आली, दरवाजाकडं बघितलं, नि म्हणाली, "काका, माझी पण जरा. डबल ड्युटी झालीय."

त्या रात्री माझा मुलगा त्याच्यापाशी थांबला. मी सकाळी लवकर गेले. कडुबाला हिरवे कपडे घातले होते. गाडीवर झोपवून नेताना त्यानं पांघरुणातून पाय बाहेर काढले होते. थंडी वाजत असंल म्हणून मी पांघरूण ओढायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. दिसू द्या मला."

बाहेर बाकावर बसले. दार उघडायचं, माणूस बाहेर यायचा नि नाव घ्यायचा. एकेका नावाला सात-आठ जण उठायचे, त्यात कुणीतरी डबा घेऊन आलेलं, कुणी झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन. मग त्यानं हाक मारली, "कडुबाचे नातेवाईक कोण?"

मी उठले. तो माझ्या मागं बघायला लागला, अजून कोण येतंय म्हणून. मी म्हणलं, "एवढेच आहोत."

ऑपरेशन चांगलं झालं होतं. गाठ लहान आतड्यात होती, सुपारीपेक्षा मोठी. ती तपासायला पाठवली. पुढं निकाल आला की चरबीची साधी गाठ आहे, वाईट काही नाही. पोटावर चार पट्ट्या होत्या, तीन चिमुकल्या नि बेंबीपाशी एक जराशी मोठी. कडुबानं शुद्धीवर आल्यावर मला पहिलं काय विचारलं असंल? "दोऱ्यानंच शिवलं ना?" मी डॉक्टरीणबाईला विचारून आले. दोऱ्यानंच शिवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला चालवला. कडुबा पावलं असा जपून टाकायचा, जणू पाय उसने आणलेत.

घरी आला. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती, म्हणून महिनाभर टपरी बंद. तो खोलीचं दार सताड उघडं टाकून बसायचा. पोतं अंथरलेलं. मी रोज पेज, मग मऊ भात, मग वरण-भाकरी कुस्करून न्यायचे. पोट एकदम बरं झालं होतं. गोळा नाही, ओकारी नाही. गालावर थोडं मांस आलं.

पण कमरेचं माणूस एकही आलं नाही.

"थंडी पडली यंदा," तो म्हणायचा.

"पडली."

"थंडीत उसणी लई भरत्यात, नाय?"

"भरतात की."

"यंदा लोकांच्या कमरा बऱ्या दिसत्यात."

काही जण म्हणत होते, बिचाऱ्याचं ऑपरेशन झालंय, कशाला त्रास द्या. काही म्हणत होते लोखंड लागलं, आता काय उपयोग. आपल्या मुख्य रस्त्यावर एक नवीन दवाखाना निघालाय, तिथं कमरेला तारा लावून शेकतात, बरेच जण तिकडं जात होते. ते तर ऑपरेशनच्या आधीपासूनच जात होते, पण हे मी त्याला सांगितलं नाही. माझी स्वतःची कंबर मी रोज वाकवून बघायचे. एरवी उठता-बसता कुरकुरते, नेमकी तेव्हाच ठणठणीत.

मग मोतीराम आला. हा गॅसच्या टाक्या पोचवणारा, नवीनच लागलेला, मूळचा कन्नडकडचा. भागूबाईच्या दारात टाकी उतरवताना त्याची कंबर धरली नि तो तसाच कमानीसारखा वाकून ऱ्हायला. भागूबाईनंच बोट दाखवलं. तो वाकडा वाकडा कडुबाच्या दारात गेला. मी पायरीवरून उठून मागोमाग.

कडुबा उभा ऱ्हायला. पण पोत्याकडं हात केला नाही. "बाबा, आधी ऐक. माझ्या पोटाचं आपरेशन झालंय. आत हत्यार गेलं व्हतं. पायात गुण हाय का गेला, मला ठाव नाय."

"काका, मला मरणाचं दुखतंय. लावा तर खरं."

तो पालथा पडला. कडुबानं भिंतीला हात टेकला, पाय उचलला. अंगठा टेकवला, दाबला, काढला, परत टेकवला. नेहमीपेक्षा जास्त वेळा टेकवला.

मोतीराम उठायला गेला नि तसाच खाली बसला. "नाय ओ काका. हाय तसंच हाय."

कडुबानं भिंतीला धरलेला हात तेवढा खाली घेतला. मीच म्हणलं, "पड पोरा तसाच. मीठ गरम करून आणते, शेकू."

आता बरं झालेलं माणूस उठून जायचं, ही रीत. बरं न झालेल्यानं काय करायचं, ते कडुबाच्या आईनं सांगितलेलंच नव्हतं. मोतीराम तिथंच ऱ्हायला. जाणार कसा, त्याला उभं ऱ्हाता येत नव्हतं. मी मिठाची पुरचुंडी आणली. कडुबा शेकत बसला. मोतीराम कुशीवर वळला तर त्याचं तोंड कडुबाकडं झालं, नि तो बोलायला लागला. बोलका गडी. गॅसवाला मालक कसा आहे, बायको माहेरी कशी रुसून बसलीय, मेहुण्यानं बुलेट घेतली नि पेट्रोलला ह्याच्याकडं कसा येतो. कडुबाचा कधी "व्हय," कधी "मग?" मधेच मोतीरामनं विचारलं, "काका, तुमच्या कपाळावर ते काय लागलंय?" कडुबा म्हणाला, मेंढ्यानं ढुशी दिली होती लहानपणी. नि मग त्यानं ती सगळी गोष्ट सांगितली. तो मेंढा कसा, तो कुणाचा, बापानं मेंढ्याला मारायचं सोडून ह्यालाच कसं मारलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकला नव्हता. चहा झाला. परत चहा झाला. मी मीठ तापवायला दोनदा घरी जाऊन आले, नि दोन्ही वेळा ते दोघं हसत होते. पुरचुंडी कधीच गार झालेली, तरी कमरेवर तशीच.

दिवे लागायच्या वेळी मोतीराम भिंतीला धरून उठला. "काका, उद्या ठीक नाय वाटलं तर परत येतो."

"ये," कडुबा म्हणाला.

सकाळी मी पायरीवर आले तर कडुबाचं दार माझ्या आधी उघडलेलं. खोली झाडलेली. पाट बाहेर काढून पुसलेला. दूध जास्तीचं आणलेलं, पातेलं दिसत होतं. मला बघून तो बाहेर आला नि खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, माझं मन लई वंगाळ झालंय."

"का ओ?"

"त्या पोराची कंबर बरी होऊ नये असं वाटतंय. पाटंपासनं वाटतंय. असं कधी वाटलं नव्हतं मला."

मी म्हणलं, वाटू द्या, मनातलं कुठं कमरेला लागतं. पण तो मान हलवत ऱ्हायला.

ऊन चांगलं वर आल्यावर गॅसची गाडी वाजली. टाक्या खडखडत गल्लीत शिरल्या. मोतीराम मागं उभा होता, ताठ. एक टाकी खांद्यावर घेऊन पलीकडच्या घरात देऊन आलासुद्धा. कडुबाला बघून त्यानं हात वर केला. "काका, एकदम फर्स्ट क्लास," म्हणाला. गाडी पुढं गेली, वळणावर हॉर्न दिला, दिसेनाशी झाली. पाय लागला, मीठ लागलं का रात्रीची झोप लागली, देव जाणे.

कडुबाचा हात वर गेलेला तसाच होता. मग त्यानं तो खाली घेतला.

"गुण हाय म्हणायचा अजून," मी म्हणलं.

"हाय."

तो दारातच खाली बसला. आपल्या पायांकडं बघत म्हणाला, "नसता तर बरं झालं असतं का ओ, वैनी?"

दूध उतू चाललं होतं, ते मी आत जाऊन उतरवलं नि चहा टाकला. तो मला म्हणाला नाही की कशाला, नि मी त्याला विचारलं नाही की साखर किती.